दात्यांची नावं

गिऱ्हाइकाच्या आधी मी भिंतीला विचारतो.
तळवा टेकतो. गार लागली तर आत ओल आहे.
काळा रुमाल फिरवतो. पांढरी पूड आली तर
डिस्टेंपर, त्यावर काही टिकत नाही,
आणि टिकलंच तर निघताना भिंत घेऊन निघतं.

बोरीच्या वाचनालयाची भिंत यात पास झाली,
पण रंग देऊन आठच दिवस झालेले.
वास येतोय अजून, मी म्हणालो,
म्हणजे रंग श्वास सोडतोय.
आत्ताच तोंड दाबलं तर फोड येतील,
तीन आठवडे थांबा.
ग्रंथपाल शेवंतीबाई घाटवळ थांबायला तयार होत्या.
लोक पुस्तकं परत आणतील म्हणून
बत्तीस वर्षं थांबल्यात त्या.

रोहिदास शेट वेर्लेकर तयार नव्हते.
फोंड्याला सोन्याचं दुकान.
कपाटं त्यांच्या पैशांची, पंखेही,
यादीत पहिलं नाव त्यांचं.
"अक्षरं सोनेरी जाय. चकचकीत.
पयसुल्ल्यान दिसपाक जाय."
मी गडद तपकिरी मॅटचा तुकडा पुढे केला.
त्यांनी तो दोन बोटांत धरला,
कुणी पितळ विकायला आणल्यासारखा.
"हें कितें? मेल्लें दिसता."

शेटशी वाद घालत नाही मी.
तीन आठवड्यांनी दोन्ही घेऊन गेलो:
त्यांचंच नाव, दोनदा कापलेलं,
वर सोनेरी, खाली मॅट.
इनासने कडा दाबल्या, वरचा कागद सोलला.
सकाळचे दहा. सोनेरी जिंकलं.
शेट माझ्याकडे बघून हसले.
म्हटलं, जेवून येऊ.

चारच्या सुमाराला जुवारी खिडकीतून आत येते.
पाणी नाही, पाण्यावरचं ऊन.
आधी छताला लागतं, मग भिंतीवरून खाली उतरतं,
हलत, एका जागी न ठरता.
सोनेरी नावातला 'रो' गेला,
मग 'दास', मग अख्खं आडनाव.
उरली नुसती तिरीप,
आणि तिच्यात पुट्टीचा एकूणएक उंचवटा,
रंगाऱ्याने जिथं कंटाळा केला ती जागासुद्धा.
खालचं नाव बाकावरच्या एका मुलीने
मोठ्यांदा वाचून दाखवलं, न अडखळता.
कुणी सांगितलं नव्हतं तिला.

शेट डावीकडे सरकले, उजवीकडे सरकले,
वाकून पाहिलं, चश्मा पुसला.
"नाव पाण्यात गेलं,"
शेवंतीबाई म्हणाल्या,
वर्तमानपत्राची घडी घालत, कुणाकडेही न बघता.

तर मग मॅट. बेताच्या चिकटाचं,
उद्या एखादं नाव बदलायचं झालं
तर रंग न ओरबाडता निघणारं.
पण मॅटची एक खोड आहे:
घासलं की चमकतं,
आणि ती चमक मग जात नाही.
म्हणून आम्ही पट्टीला फेल्ट लावतो,
इनास नखं कापून येतो,
आणि निघताना मी सगळ्यांना बजावतो,
बघा, हात लावू नका.

यंदा चवथ झाल्यावर पुन्हा गेलो,
एक नाव वाढवायचं होतं.
एकोणचाळीस नावं सारखी, शांत,
भिंतीला आतून फुटल्यासारखी.
पहिल्या ओळीत तेवढी
'वे'ची मात्रा लखलखत होती,
तपकिरीच, पण पॉलिश केलेली.

मी काही विचारलं नव्हतं.
"दर गुरुवारी येतात," शेवंतीबाई म्हणाल्या.
"पेपर वाचतात. जाताना तिथं जरा उभे राहतात."

इनासने पिशवीतून सुट्टा 'वे' काढला,
असू दे म्हणून जादा कापून ठेवलेला.
म्हटलं, आत ठेव.
सोनाराचं काम आहे ते.

मग सगळ्यात खाली, त्याच मापात,
एकावन्न रुपयांचं नाव लावलं.